आधी कोण सुरू होणार?

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम टाकून वापरणाऱ्याकडे हल्ली जरा कीव करूनच पाहिलं जातं. लिनक्स हवं असेल तर विंडोजच्या पोटातच डब्ल्यूएसएल आहे, व्हर्च्युअल मशीन आहे, अगदीच काही नाही तर क्लाउडवर तासाच्या भाड्याने यंत्र मिळतं. मग पार्टिशन पाडा, दर वेळी मशीन बंद करून चालू करा, अपडेटनंतर मेनू गायब झाला की बूटेबल पेनड्राइव्ह शोधत बसा, हा उपद्व्याप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. सोय हाच निकष धरला तर ड्युअल बूट कधीच हरलेलं आहे, आणि ते मान्य करूनच मला त्याची बाजू घ्यायची आहे. बटण दाबल्यावर यंत्राचा पहिला ताबा कुणाला मिळतो आणि ते कोण ठरवतं, हा त्यातला खरा मुद्दा. या मुद्द्यावर करार झाले, खटला झाला, एक कंपनी बुडाली. आणि वाद अजून मिटलेला नाही.

पहिल्या ताब्याची ही जागा आधी जवळून पाहू. जुन्या बायोसच्या काळात हार्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, ५१२ बाइटांचा तुकडा, हीच ती जागा. १९८३ साली डॉस २.० बरोबर आलेली ही मांडणी पुढे तीसेक वर्षं चालली. त्या ५१२ पैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींना आणि उरलेले दोन खुणेला. ४४६ बाइट म्हणजे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा जेमतेम दीडशे चिन्हं, दोन-तीन ओळींचा मजकूर. एवढ्या जागेत प्रोग्राम एकच मावणार, आणि तो शेवटी ज्याने लिहिला त्याच्या हाती यंत्राची सुरुवात जाणार. विंडोज पुन्हा टाकलं की ते हा सेक्टर कुणालाही न विचारता स्वतःच्या नावे करून मोकळं होई. लिनक्स डिस्कवर शाबूत, एक फाइलसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही, पण तिथे पोचायची वाटच पुसलेली. म्हणून तर ‘आधी विंडोज टाक, मग लिनक्स’ हा नियम इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झाला.

लिनक्सचे बूटलोडर, आधी लिलो आणि मग ग्रब, शेजारी विंडोज असलं तर त्याला आपल्या मेनूत जागा देत आले. उलट दिशेने हा शेजारधर्म कुणी पाळला नाही. (अर्थात २०२१ च्या ग्रब २.०६ पासून शेजारी कोण आहे ते शोधणारा भाग सुरक्षेचं कारण देऊन मुळात बंद ठेवला जाऊ लागला. तेव्हा लिनक्सवालेही या बाबतीत अगदी सोवळे राहिलेले नाहीत.)

मायक्रोसॉफ्टला हे तांत्रिकदृष्ट्या जमत नसेल, असं कुणाला वाटलं तर त्याने विंडोज एनटी आठवावं. एनटीमध्ये ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची साधी टेक्स्ट फाइल असे. तीत एनटी आणि डॉस, पुढे विंडोज ९८ आणि २००० अशा जोड्या लिहिता येत, आणि मशीन चालू झालं की तीस सेकंद थांबणारा काळा मेनू समोर येई. सी ड्राइव्हला एक्सपी आणि डी ड्राइव्हला विंडोज ७, कारण जुना प्रिंटर फक्त एक्सपीवर चालतो, अशी मशीन आपल्याकडच्या ऑफिसांत नवलाची नव्हती. एका डिस्कवर दोन सिस्टिम कंपनीला खुशाल चालत. दोन्ही आपल्याच गोत्रातल्या असल्या म्हणजे झालं.

परक्या गोत्रातलीचं काय होतं ते बीओएसच्या कहाणीत दिसतं. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये ‘बी’ नावाची कंपनी काढली. त्यांची बीओएस आवाज आणि व्हिडिओच्या कामात त्या वेळच्या विंडोजपेक्षा कितीतरी चपळ होती. अनेक व्हिडिओ एकाच वेळी न अडखळता चालवून दाखवणं हे तिचं हुकमी प्रात्यक्षिक. गासे व्यवहारी होते. विंडोजला हटवण्याची भाषा त्यांनी केली नाही. विंडोज राहू दे, शेजारी आमचीही असू दे, सुरू करताना ग्राहक काय ते ठरवील, एवढंच त्यांचं म्हणणं.

१९९८ च्या अखेरीस जपानच्या हिताचीने हे ऐकलं आणि फ्लोरा प्रियस मालिकेतल्या मशीनवर विंडोज ९८ च्या जोडीला बीओएस घालून दिली. मशीन ग्राहकाच्या टेबलावर पोचलं तेव्हा बीओएस डिस्कवर होती, पण तिचा मागमूस कुठे नव्हता. सुरू होताना मेनू येत नव्हता. सरळ विंडोज उघडत होतं. ज्याला ती हवी असेल त्याने बीकडून सूचना मिळवायच्या, फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं, आणि आपल्याच मशीनवर आधीपासून असलेली सिस्टिम स्वतः उघडून घ्यायची. कारण काय, तर विंडोज घालून मशीन विकणाऱ्या कंपन्यांचे मायक्रोसॉफ्टशी असलेले परवान्याचे करार. सुरुवातीच्या क्रमात दुसरं कुणी दिसेल असा फेरफार त्या करारांत बसत नव्हता, आणि हे करार गोपनीय असल्यामुळे ग्राहकाला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे गासे यांनी आणखी एक पाऊल टाकलं: जो उत्पादक बीओएस ग्राहकाला सुरुवातीलाच दिसेल अशी देईल त्याला ती फुकट. फुकटची वस्तू घ्यायला बाजारात कुणी पुढे आलं नाही.

२००१ मध्ये बीने आपली मालमत्ता पाम कंपनीला १ कोटी १० लाख डॉलरला विकली. २००२ च्या फेब्रुवारीत तिने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, आणि २००३ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने चूक कबूल न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. चालत्या कंपनीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे मेलेल्या कंपनीच्या तक्रारीला मिळाले. बीओएस तशीही बुडालीच असती असं मानणारे आहेत, आणि ते चूक आहेत असं मला म्हणवत नाही. तिच्यावर चालणारे प्रोग्राम मुळात फार थोडे होते. पण ग्राहकाने पाहून नाकारलं म्हणून बुडणं वेगळं आणि ग्राहकाच्या नजरेलाच पडू न दिल्याने बुडणं वेगळं. इथे अडचण ४४६ बाइटांची नव्हतीच. विंडोजचा एकही तुकडा न काढता दुसरीला तिच्या शेजारी उभं करता येत होतं, आणि नेमकं तेवढंच होऊ दिलं गेलं नाही. ड्युअल बूटचा मेनू ही चिल्लर गोष्ट असती तर ती लपवायला कुणी एवढा खटाटोप केला नसता.

पुढे बायोसच्या जागी यूईएफआय आलं आणि जागेची चणचण संपली. आता डिस्कवर फॅट३२ चं एक छोटं पार्टिशन असतं. विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, त्यामुळे बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं. उघडून पाहिलं तर आत ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, आणि त्यात एक मायक्रोसॉफ्टचं, एक उबुंटूचं, एक फेडोराचं, ज्याने त्याने आपापल्या नावाचं केलेलं फोल्डर. कुणी आधी सुरू व्हायचं याची यादी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. दुसऱ्याचं पुसल्याशिवाय आपलं लिहिता येत नाही ही अवस्था गेली. कागदावर भांडण मिटलं. प्रत्यक्षात ते जागेवरून किल्लीवर गेलं.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट घरोघरी पोचलं. यात यंत्र ओळखीच्या किल्लीने सही केलेलाच बूटलोडर चालवतं. ओळखीची किल्ली कुणाची, तर जवळपास प्रत्येक मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टची. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या मॅथ्यू गॅरेट यांनी त्यातून वाट काढली. ‘शिम’ नावाच्या चिमुकल्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढे ग्रबला ओळखायचं काम शिमने करायचं; मशीनच्या मालकाला हवी तर स्वतःची किल्लीही शिममध्ये नोंदवता येते. आज उबुंटू, फेडोरा, डेबियन ही सगळी मंडळी याच दाराने आत येतात. तोड हुशारीची आहे, पण तिचा सरळ अर्थ असा की लिनक्स सुरू होतं ते प्रतिस्पर्ध्याच्या सहीवर. साध्या पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे, ही अट विंडोज ८ च्या वेळी खुद्द मायक्रोसॉफ्टनेच उत्पादकांना घातली होती. त्याच वेळी एआरएम चिपवरच्या विंडोज आरटीसाठी नियम बरोबर उलटा होता: बंद करता येताच कामा नये. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि पीसीसाठीची ती अट ऐच्छिक झाली. काही ‘सिक्युअर्ड-कोअर’ लॅपटॉपांत तर लिनक्सच्या सहीची किल्ली कारखान्यातूनच बंद येते; सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते.

सही देणाऱ्याला ती नाकारताही येते, याचा प्रत्यय ऑगस्ट २०२४ मध्ये आला. जुन्या, सदोष बूटलोडरांना अडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या मासिक अपडेटमधून एक यादी पाठवली. ड्युअल बूट असलेल्या मशीनवर ती लागू होणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. मशीनवर दुसरी सिस्टिम आहे की नाही हे ओळखण्यात काही ठिकाणी चूक झाली, आणि बऱ्याच लोकांचं लिनक्स एका सकाळी सुरूच होईना. पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याची ओळ, तिच्याखाली काहीतरी फारच बिघडलंय अशी दुसरी ओळ, आणि मशीन बंद. लिनक्सला कुणी हातही लावला नव्हता. अपडेट विंडोजचं, शिक्षा शेजाऱ्याला.

यावर सुरक्षेवाल्यांचं उत्तर आहे आणि ते ऐकलं पाहिजे. ती यादी उगाच पाठवलेली नव्हती. ग्रबमध्ये खरोखरच भोकं होती. २०२० मध्ये ‘बूटहोल’ म्हणून गाजलेला दोष ग्रबमधलाच. २०२३ मध्ये उघडकीला आलेलं ‘ब्लॅकलोटस’ हे मालवेअर विंडोजच्याच जुन्या, सही असलेल्या बूटलोडरचा फायदा घेऊन सिक्युअर बूटच्या खालून घुसत होतं. पहिला ताबा ज्याला मिळतो तो अँटिव्हायरसच्याही आधी जागा असतो, तेव्हा तिथे कुणालाही येऊ देणं हा मूर्खपणाच. त्यामुळे सिक्युअर बूट हा निव्वळ लिनक्सविरुद्धचा डाव आहे, हा लिनक्सवाल्यांचा आवडता राग मला आळवावासा वाटत नाही. तपासणी हवीच. पण तपासणाऱ्याच्या हातातली यादी मालकाला पाहता आली पाहिजे, तीत नाव घालता आणि खोडता आलं पाहिजे. ही सोय आजही बहुतेक पीसींमध्ये आहे, फक्त सेटिंगच्या इतक्या आतल्या पानावर की तिथे पोचणारा हजारात एखादा. सुरक्षेच्या नावाखाली मालकालाच घुसखोरांच्या रांगेत उभं करायचं, याला मात्र माझा विरोध आहे.

आता डब्ल्यूएसएल आणि व्हर्च्युअल मशीनकडे येऊ. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खराखुरा कर्नल चालतो, आणि चांगला चालतो. विंडोजवर बसून लिनक्सची कामं करायची असतील तर मीसुद्धा तेच वापरायला सांगेन. पण व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टिम म्हणजे पोटभाडेकरू. खोली छान असेल, नळाला पाणी असेल. पण मूळ भाडेकरूने कुलूप लावलं की याचाही दरवाजा बंद. विंडोजने अपडेटसाठी मशीन रीस्टार्ट केलं की आतलं लिनक्सही बंद. विंडोज ११ होम नव्याने चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, ते दिल्यावरच पुढचं सगळं. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या पोराला तर हे फारच जाणवतं: निम्मी रॅम घरमालकाची, उरलेल्यात याने कोड कंपाइल करायचा. ड्युअल बूटमध्ये त्या वेळेपुरतं सगळं यंत्र त्याचं असतं.

मग हे सगळं सुखाचं आहे का? मुळीच नाही, आणि सगळ्यात गमतीचा त्रास घड्याळाचा आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ असते असं विंडोज डॉसच्या काळापासून धरून चालतं; त्यात जागतिक वेळ असते असं लिनक्स धरतं. भारतात या दोहोंत साडेपाच तासांचा फरक. दुपारी साडेतीनला लिनक्स बंद करून विंडोज चालू केलं की घड्याळ सकाळचे दहा दाखवतं, आणि आत्ता सेव्ह केलेली फाइल जेवणाच्या आधीची ठरते. इंटरनेट मिळाल्यावर विंडोज चूक सुधारतं, म्हणजे चिपमध्ये साडेतीन लिहितं. मग लिनक्स उघडल्यावर रात्रीचे नऊ. एका कमांडने हे थांबतं, पण ती माहीत होईपर्यंत माणूस मदरबोर्डचा सेल बदलून आणतो.

फास्ट स्टार्टअपचा त्रास मात्र गमतीचा नाही. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ते डुलकी घेतं, आणि त्याचं पार्टिशन अर्धवट उघडं राहतं. लिनक्समधून तिथल्या फाइली मग फक्त वाचता येतात, लिहू गेलं तर नकार मिळतो. हा नकार डावलून बळजबरीने लिहिणाऱ्याने डेटा गमावल्याशिवाय राहत नाही असं नव्हे, पण गमावला तर नवल नाही. बिटलॉकरचं तिसरंच. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूटचं सेटिंग हललं की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागून बसतं, आणि आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हेच मालकाला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर ते आपोआप चालू होतं, म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह लावण्याआधी ते ४८ अंक कागदावर उतरवून घ्यावेत.

तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे. या यंत्रावर आपल्याशिवाय कुणी राहत नाही, असं प्रत्येक सिस्टिम धरून चालते. ड्युअल बूट अवघड असतं ते अंगभूत गुंतागुंतीमुळे कमी आणि या गृहीतकामुळे जास्त. परवडत असेल तर दोन सिस्टिमना दोन वेगळ्या एसएसडी द्याव्यात, प्रत्येकीवर तिचा स्वतःचा बूटलोडर ठेवावा आणि चालू करताना मदरबोर्डच्या मेनूतून डिस्क निवडावी. एकीच्या अपडेटने दुसरीचं काही पुसलं जाण्याची भीती यात बरीच कमी होते.

महाराष्ट्रात या व्यवस्थेची खरी गरज कुठे आहे म्हणाल, तर ती मराठी छपाईच्या धंद्यात. पुण्याच्या पेठांतल्या डीटीपीवाल्यांकडे पंचवीस-तीस वर्षांची पुस्तकं श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत, पेजमेकरच्या फाइलींत पडून आहेत. हे फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. तीच फाइल दुसरीकडे उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. सॉफ्टवेअर विंडोजचं, त्याचं डोंगल विंडोजचं, आणि दुसरी आवृत्ती छापायची वेळ येते तेव्हा लागते नेमकी तीच फाइल. इकडे विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेल्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. अशा माणसाला ‘लिनक्सवर ये’ म्हणणं म्हणजे आजवरचं काम टाकून ये म्हणण्यासारखं, आणि ‘नवं मशीन घे’ म्हणणं सोपं असलं तरी बिल त्यालाच भरायचं असतं. जुनं विंडोज एका पार्टिशनवर, नेटवर्क तोडून, फक्त त्या फाइलींसाठी. मेल, ब्राउझर आणि नवं युनिकोड काम लिनक्सवर. अशी वाटणी केली तर तेच मशीन आणखी काही वर्षं धंद्याच्या कामाला येतं.

ॲपलचा दाखला इथे उलट बाजूने उपयोगी पडतो. ५ एप्रिल २००६ ला त्यांनी बूट कॅम्प आणलं; मॅकवर विंडोज टाकायचं साधन खुद्द मॅकवाल्यांनीच दिलं. इंटेलच्या चिप होत्या तोवर, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षं, ते चाललं. विंडोज घेता येतं म्हणून मॅक कुणी कमी घेतला असं काही दिसलं नाही. शेजारी ठेवल्याने मूळ मालाचं नुकसान होतं, ही भीती तिथे तरी खोटी ठरली. २०२० च्या नोव्हेंबरात एम१ चिप आली आणि बूट कॅम्प गेलं. तरी परकी सिस्टिम सुरू करण्याचं दार ॲपलने त्या मशीनवरही बंद केलेलं नाही, आणि ‘असाही’ नावाचं लिनक्स त्याच दाराने आत गेलं. फोनवर मात्र त्याच कंपनीने ते कधी उघडलंच नाही. आज विशी-पंचविशीत असलेल्या बहुतेकांचं पहिलं यंत्र फोन. आपण विकत घेतलेल्या यंत्रावर आधी काय सुरू व्हावं हे आपल्याला विचारलं जाऊ शकतं, ही कल्पनाच त्यांच्या कानावर आलेली नसते. आणि जी मुभा होती हेच ठाऊक नाही ती गेली म्हणून कोण ओरडणार?

पीसीवर ती मुभा अजून शिल्लक आहे, पण तिला तारखा आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युअर बूटच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. शिमवर सही करणारं प्रमाणपत्र त्यातलंच एक. आज चालू असलेलं लिनक्स त्या दिवशी बंद पडणार नाही, कारण यंत्र सही जुळते का ते बघतं, मुदतीची तारीख बघत नाही. पण पुढच्या शिमवर २०२३ ची नवी सही असेल, आणि जुन्या मशीनच्या चिपमध्ये ती नवी किल्ली पोचली नसेल तर ते मशीन तिला ओळखणार नाही. किल्ली पोचवायची ती विंडोजच्या अपडेटमधून किंवा उत्पादकाच्या फर्मवेअरमधून. आठ-दहा वर्षांपूर्वी विकलेल्या लॅपटॉपसाठी फर्मवेअर काढायला कुठल्याही उत्पादकाला कायदा बांधत नाही, आणि असं मशीन ज्याच्याकडे आहे त्याला सिक्युअर बूट बंद करण्याचं सेटिंग तरी मिळेल का, हे तो लॅपटॉप कोणत्या साली कोणत्या अटीखाली विकला गेला यावर अवलंबून आहे. खरेदीच्या बिलावर, खोक्यावर किंवा दुकानातल्या माहितीपत्रकात ही गोष्ट आजही कुठे छापलेली नसते. प्रोसेसर, रॅम आणि बॅटरीच्या शेजारी तिलाही एक ओळ मिळावी, एवढी मागणी ग्राहक म्हणून करायला हरकत नाही.